नाचायलाच यायचे लोक

न्यूयॉर्कचा ‘वेटलँड्स प्रिझर्व्ह’ हा गाण्याबजावणीचा क्लब स्वतःचं पर्यावरण केंद्रही चालवायचा. त्याचा विषय मी काढला की कुणीतरी विचारतंच, “खरं सांगा, तिथे लोक जंगलं वाचवायला यायचे की नाचायला?” आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. नाचायलाच यायचे. मीही त्यासाठीच जायचो.

नव्वदच्या दशकात मी जर्सी सिटीत नोकरीला होतो. शुक्रवारी ‘पाथ’ या लोकल रेल्वेच्या गाडीने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरायचं आणि उत्तरेला चालत 161, हडसन स्ट्रीट गाठायचं. आत गर्दी, घाम, आणि चक्क एक रंगवलेली फोक्सवॅगन बस उभी. गाणी लांबत जायची, वीस-वीस मिनिटं. गावाकडे भजनी मंडळ रंगात आलं की एकाच चरणाभोवती फिरत राहतं ना, तसं. फिश, ब्लूज ट्रॅव्हलर, डेव्ह मॅथ्यूज बँड हे सगळे रॉक बँड मोठे होण्याआधी इथे वाजवून गेले. ओअ‍ॅसिस या ब्रिटिश बँडचा अमेरिकेतला पहिला कार्यक्रमही इथलाच, जुलै 1994 मधला.

मग जंगलांचं काय? त्याचं उत्तर क्लबच्या हिशेबात आहे. लॅरी ब्लॉक यांनी 1989 च्या फेब्रुवारीत क्लब उघडला तेव्हा त्यांना या धंद्याचा काही अनुभव नव्हता. पण पर्यावरण केंद्राचा खर्च हा क्लबच्याच चालू खर्चाचा भाग, हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. जागेचं भाडं, विजेचं बिल, तसा हाही खर्च. वर्षाखेरीस काही उरलं तर देणगी द्यायची, असा मामला नव्हता. त्यामुळे वर्षावनं वाचवण्याच्या मोहिमा, सभा, निदर्शनं हे काम श्रोत्यांच्या मनःस्थितीवर अवलंबून राहिलं नाही. मी तिकीट काढून नाचलो की माझ्या नकळत त्या कामाला हातभार लागायचा. आपल्याकडे कार्यक्रमात पाहुण्यांना रोप देतात, ते मला आवडतं. पण त्या रोपाला वर्षभर पाणी कोण घालणार, हे मंडळाच्या जमाखर्चात लिहिलेलं असावं, असं मला तळमळीने वाटतं.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्लॉक यांनी क्लब विशीतल्या पीटर शपिरो यांच्याकडे सोपवला, तोही पर्यावरण केंद्र चालू ठेवण्याच्या अटीवर. किंमत घासाघीस करून वाढवण्याऐवजी ही अट घालणारा माणूस मला फार मोठा वाटतो. ब्लॉक 2012 मध्ये गेले.

त्या बसपाशी सह्यांची पत्रं असायची. एकदा सही करताना तिथल्या स्वयंसेविकेने विचारलं, तू कुठला? मी म्हटलं, कोकणातला, खाडीकाठचा. आमच्या घरामागे खाजण होतं, भरतीला पाणी आत यायचं, निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, उड्या मारायच्या. भराव पडला आणि सगळं गेलं. ‘खाजण’ इंग्रजीत समजावताना माझी बरीच ओढाताण झाली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पायाखाली बोट दाखवलं. “इथेही तेच होतं.” खरंच होतं. हडसन नदीलगतचा हा पट्टा म्हणजे लिस्पेनार्ड मेडोज नावाची दलदल. तिचं पाणी काढायला कालवा खणला, पुढे तोही बुजवला, आणि त्यावरून गेलेला रस्ता म्हणजे जवळचाच कॅनल स्ट्रीट. ‘वेटलँड्स’ म्हणजे पाणथळ जागा; क्लबचं नाव असं का, हे मला तोवर कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी पत्रं वाचून सही करू लागलो.

2001 मध्ये इमारतीत राहती घरं होणार म्हणून क्लब सप्टेंबरात बंद व्हायचा होता. निरोपाच्या रात्री ठरल्या होत्या. 11 तारखेला मी ज्या स्टेशनवर उतरायचो ते ढिगाऱ्याखाली गेलं, आणि शेवटच्या त्या रात्री झाल्याच नाहीत.