आरशातून निसटलेला तो

सोमवार, रात्री

'प्रिन्स ऑफ पर्शिया' या जुन्या व्हिडिओ गेममधला चौथ्या लेव्हलचा आरसा आज पुन्हा समोर आला. दार उघडलं, धावत निघालो, तर मघाशी मोकळ्या असलेल्या वाटेवर आरसा उभा. त्याला वळसा नाही. चार पावलं मागे जायचं, धाव घ्यायची आणि थेट काचेवर झेप टाकायची. राजपुत्र पलीकडे पोचतो, आणि त्याच क्षणी काचेतून त्याच्यासारखाच एक जण उलट्या दिशेला उडी मारून पळून जातो. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातले, उरलेला जीव दाखवणारे लाल त्रिकोण गळतात, एकच उरतो.

किती वेळा पाहिलंय हे. आजही छातीत धस्स झालं.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' पहिल्यापासून पुन्हा खेळायचा विचार बरेच दिवस डोक्यात घोळत होता. सगळे भाग अथपासून इतिपर्यंत नव्हे, मला हवी आहेत ती ठिकाणं. जुनी सेव्ह जिथे आहेत तिथून, नसतील तिथे नव्याने. कारण एकच. या मालिकेची गोष्ट दर काही वर्षांनी बदलत गेली, राजपुत्र बदलले, नायिका बदलल्या, आणि तरी मला प्रत्येक वेळी ही आरशातली सावली भेटत राहिली. तिचा माग काढायचाय.

पहिल्या भागाची गोष्ट चार ओळींची. सुलतान लढाईवर गेलाय. वजीर जाफरने राजकन्येला कोंडलंय, लग्न किंवा मरण, विचार करायला एक तास. तळघरात टाकलेल्या तरुणाकडेही तेवढाच तास. ६० मिनिटं, १२ लेव्हल. आणि हा तास खरा, घड्याळातला. खड्ड्यातल्या सुळ्यांवर पडून मेलो की लेव्हल पुन्हा सुरू होते, पण गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. लहानपणी मला मरणापेक्षा त्या मिनिटांची भीती जास्त वाटायची.

मंगळवार

सावली कशी जन्मली ते लिहून ठेवतो, कारण ही हकीकत मला कुठल्याही कथानकाइतकी प्रिय आहे.

गेमचा निर्माता जॉर्डन मेकनरने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालायला लावले आणि एका पार्किंगच्या जागेत त्याला पळायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला सांगून त्याचं चित्रीकरण केलं. मग त्या चित्रफितीतलं एकेक चित्र हाताने गिरवून संगणकात उतरवलं. राजपुत्राच्या धावण्याला वजन आहे, थांबताना तो दोन पावलं घसरतो, उडी चुकली की हात आधी पुढे जातात, ते सगळं त्या मुलाच्या अंगातलं आहे. संगीत वडिलांनी दिलं. तलवारबाजीच्या हालचाली १९३८ सालच्या एका चित्रपटातल्या द्वंद्वावरून घेतल्या.

पण हे सगळं अ‍ॅपल टू संगणकासाठी चाललं होतं, आणि त्याची ४८ के (किलोबाइट) मेमरी राजपुत्राच्या हालचालींनीच भरून गेली. शत्रूला जागाच उरली नाही. नुसते सापळे आणि खड्डे. एका मैत्रिणीने मात्र लढाई हवीच असा धोशा लावला. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रं घेतली, ती एका बिंदूने सरकवून स्वतःवरच उलटवली, आणि पडद्यावर एक भुतासारखी, नुसत्या कडांची आकृती उभी राहिली. नवं चित्र एकही काढावं लागलं नाही. शत्रूसाठी वेगळा माणूस परवडत नव्हता, म्हणून नायकालाच नायकाचा शत्रू केलं.

पुढे थोडी मेमरी मोकळी करता आली आणि पहारेकरीही आले. पण सावली राहिली, आणि गेमचा प्राण तीच ठरली. पाचव्या लेव्हलमध्ये ती आपल्या डोळ्यांदेखत औषधाची बाटली पिऊन जाते. सहाव्यात आपण झेप घेतो तेवढ्यात समोरचं दार बंद करते आणि आपण सातव्यात कोसळतो. ती कधी बोलत नाही. का छळते, सांगत नाही. बाराव्या लेव्हलमध्ये तलवार उपसून समोर येते, आणि तिथे कळतं की तिला मारलेला प्रत्येक घाव आपल्यालाच लागतोय.

मी आणि दादा इथे किती दिवस अडकलो होतो ते नेमकं आठवत नाही, पण दिवस होते, तास नव्हे. कीबोर्ड एकच. आधी तो, मग मी. तिला मारलं की आपणही मेलो. शेवटी दादाने वैतागून खालचा बाण दाबला. राजपुत्राने तलवार म्यान केली. समोर सावलीनेही केली. मग दोघं एकमेकांकडे चालत गेले आणि एक झाले. आणि त्यानंतर जे होतं ते अजून अंगावर येतं: पुढे खोल दरी आहे, जमीन नाही, आपण धावत सुटतो आणि पावलाखाली फरशा उमटत जातात.

कुठेही सूचना नाही, एक शब्द नाही. १९८९ साली हे कोणी खेळणाऱ्याच्या भरवशावर सोडलं असेल यावर आजच्या गेममध्ये बाणांच्या खुणा बघून विश्वास बसत नाही.

बुधवार

दुसऱ्या भागाबद्दल थोडक्यात. १९९३, 'द शॅडो अँड द फ्लेम'. पहिल्या विजयानंतर अकरा दिवसांनी जाफर राजपुत्राचाच चेहरा घेऊन दरबारात बसतो आणि खरा राजपुत्र भिकारी म्हणून हाकलला जातो. सावली उलटली, बाहेरचा माणूस आपल्या जागी बसला. शेवटी राजपुत्र स्वतः देह सोडून सावली होतो आणि पवित्र ज्योतीने जाफरला जाळतो. मला या भागाचे किल्ले फारसे आवडत नाहीत, पण ही कल्पना किती धाडसाची! शेवटच्या दृश्यात एक म्हातारी स्फटिकाच्या गोळ्यात राजपुत्राला न्याहाळताना दिसते. ती कोण, तिला काय हवंय, हे पुढच्या कुठल्याही भागात आलं नाही. १९९९ चा त्रिमितीय भाग वेगळीच गोष्ट सांगून मोकळा झाला. म्हातारी तशीच बघत बसली आहे.

बुधवार, खूप उशिरा

झोप येईना, म्हणून २००३ चा 'सँड्स ऑफ टाइम' लावला. पडदे हलतात, राजपुत्र सज्जातून आत येतो, आणि त्याचा आवाज सुरू होतो: काळ नदीसारखा एकाच दिशेला वाहतो असं लोकांना वाटतं, पण मी काळाचा चेहरा पाहिलाय आणि लोक चुकताहेत. तो कोणाला तरी गोष्ट सांगतोय. कोणाला ते शेवटपर्यंत कळत नाही.

मेकनर या भागात लेखक म्हणून परत आला आणि त्याने साठ मिनिटांचा तो निष्ठुर नियमच उलटा केला. हातात एक खंजीर, त्यात काळाची वाळू, बटण दाबलं की काळ मागे. चुकलेली उडी परत घ्यायची. आणि वाळू संपल्यावर खरंच मेलो, तर निवेदक घाईने म्हणतो, नाही नाही, असं नव्हतं झालं. जणू बोलण्याच्या ओघात त्याची जीभ घसरली. सेव्ह करताना म्हणतो, पुढच्या वेळी इथून गोष्ट सांगेन. मरणं, थांबणं, परत सुरू करणं, हे प्रत्येक गेममध्ये असतंच, आणि कथा त्याकडे डोळेझाक करते. इथे ते कथेतच सामावून घेतलं. यापेक्षा सुंदर बांधणी मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये सापडलेली नाही.

आणि फराह. महाराजाची मुलगी. राजपुत्राच्या बापाने तिच्या वडिलांचा महाल लुटलाय, तिला बंदी करून आझाद शहरात आणलंय. वजिराच्या बोलण्याला भुलून राजपुत्र वाळू मोकळी सोडतो, सगळं शहर राक्षस होतं, आणि वजीर सोडला तर उरतात हे दोघंच. ती धनुष्य घेऊन भिंतीच्या फटीतून पलीकडे जाते, कळ दाबते, चिडते, चिडवते. लहानपणी भीती वाटली की म्हणायला आईने तिला एक शब्द दिलेला असतो, तो ती राजपुत्राला सांगते. इतर कोणालाही माहीत नसलेला शब्द. काकोलूकीयम्.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी गेम थांबवला होता. पंचतंत्राचं तिसरं तंत्र! कावळे आणि घुबडांच्या वैराचं. शत्रूच्या घरात मित्र म्हणून शिरलेल्या कावळ्याचं. शत्रूच्या मुलाला फराहने नेमका हाच शब्द द्यावा, यामागे लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे, मला मात्र तो एक शब्द ऐकून ती एकदम ओळखीची झाली.

शेवट आज मुद्दाम खेळलो नाही. आठवतो तेवढा पुरे. फराह पडते, मरते. राजपुत्र सगळा काळ मागे नेतो, वाळू सुटायच्या आधीपर्यंत, आणि रात्री तिच्या दालनात जातो. गोष्ट तो तिलाच सांगत होता. तिला त्यातलं काहीच आठवत नाही, कारण तिच्यासाठी ते घडलेलंच नाही. तुझं नाव काय, ती विचारते. तो म्हणतो, मला काकोलूकीयम् म्हण.

दोघांनी मिळून जगलेली एक आख्खी गोष्ट, आणि ती आता एकट्याच्याच आठवणीत.

शुक्रवार

'वॉरियर विदिन', २००४. या भागावर माझा बराच काळ राग होता. सात वर्षांनंतरचा राजपुत्र: रक्त, कर्कश संगीत, खेकसणं. मेकनर यात नव्हता, आणि त्यातली हिंसा आणि दृश्यशैली आपल्याला आवडली नाही असं त्याने पुढे उघडपणे सांगितलं. मलाही आवडली नव्हती. फराहला गोष्ट सांगणारा माणूस असा कसा होईल?

आज वेगळं वाटलं. काळाचा रक्षक दहाका त्याच्या मागे लागलाय, कारण तो मरायला हवा होता आणि मेला नाही. सात वर्षं पळणारा माणूस मृदू कुठून राहणार? तो काळाच्या बेटावर जातो, वाळू निर्माण व्हायच्या आधीच तिथल्या सम्राज्ञीला मारायचं म्हणून. मारतो, आणि तिच्या देहातूनच वाळू बनते. जे टाळायला आला तेच त्याच्या हातून झालं.

आणि मग सावली. या भागाच्या पहिल्या निम्म्यात एक काळी आकृती अधूनमधून दिसत राहते. एका ठिकाणी दहाका येतो आणि राजपुत्राला सोडून तिला ओढून नेतो. आपण सुटलो म्हणून पुढे जातो. बऱ्याच तासांनी राजपुत्राला एक मुखवटा सापडतो. तो घातला की काळात मागे जाता येतं, आणि अंग काळं पडतं. आता आपण त्याच दालनांतून पुन्हा चालतोय, आणि खाली, पलीकडे, मघाचा राजपुत्र जाताना दिसतोय. ती काळी आकृती आपणच होतो. आपल्या डोळ्यांसमोर आपल्यालाच मरताना पाहिलं होतं आणि सुटकेचा श्वास सोडला होता. या वेळी मात्र दहाकाच्या हाती तो मघाचा राजपुत्र लागतो.

चौथ्या लेव्हलचा आरसाच हा. फक्त आज मी काचेच्या पलीकडच्या बाजूला होतो.

शनिवार

२००५, 'द टू थ्रोन्स'. सावलीला इथे आवाज मिळाला. बॅबिलॉनला परतलेल्या राजपुत्राच्या अंगात वाळू शिरते आणि डोक्यात दुसरा एक जण बोलू लागतो, टोमणे मारतो, लालूच दाखवतो, मधूनच देहाचा ताबा घेतो. पाण्यात शिरलं की तो मागे हटतो. फराह पुन्हा भेटते, आणि अर्थातच ओळखत नाही.

वजीर मेल्यावरही गोष्ट संपत नाही. खरी शेवटची लढाई राजपुत्राच्या मनात आहे, त्या दुसऱ्याशी. वार करत राहिलं तर ती संपतच नाही. फराहचा आवाज येतो, सोड त्याला. राजपुत्र पाठ फिरवतो, उजेडाच्या दिशेने पायऱ्या चढतो, आणि मागे अंधारात त्याचा आवाज विझत जातो. फराह विचारते, तुला माझं नाव कसं ठाऊक? आणि तो सांगायला लागतो, काळ नदीसारखा असतो असं लोकांना वाटतं...

इथे मी दर वेळी रडतो, आजही रडलो. पण एक गोष्ट सलतेच. १९८९ चा राजपुत्र सावलीला मिठीत घेतो, २००५ चा तिला अंधारात सोडून जातो. दोघंही शस्त्र खाली ठेवतात हे खरं, पण माझं मन पहिल्याकडे आहे. त्या दुसऱ्याने किती लढाया जिंकून दिल्या होत्या! पायाखाली फरशा उमटल्या त्या एकत्र आल्यावर.

२००८ च्या भागात सावली नाही, म्हणून तो या माळेतून वगळणार होतो. पण त्यातली नायिका एलिका आठवली. राक्षस अह्रिमनला कोंडायला ती स्वतःचा जीव देते. श्रेयनामावली पडद्यावरून सरकून जाते, आणि तरीही बटणं आपल्या हातात चालूच असतात. तिला परत आणायचं तर झाडं तोडायची, म्हणजे जे सगळं वाचवलं ते पुन्हा गमवायचं. मी तोडली होती. आजही तोडली असती.

रविवार

आजची रात्र २०२४ च्या 'द लॉस्ट क्राउन'ची. इथे नायक राजपुत्रच नाही. सारगॉन, राणीच्या अमर योद्ध्यांपैकी एक, पळवून नेलेल्या राजपुत्र घस्सानला शोधत काफ पर्वतावर येतो, जिथे काळाचा सगळा गुंता झालाय. संवाद फारसी भाषेत ऐकायची सोय आहे, मी तसाच खेळतो. पस्तीस वर्षांनी या गोष्टीला तिची भाषा मिळाली.

आणि गेम पुन्हा बाजूने दिसणारा, १९८९ सारखा. सारगॉनला सीमुर्ग पक्ष्याकडून जी शक्ती मिळते ती बघून मी हसलो: हवी तिथे आपली सावली उभी करून ठेवायची, पुढे जायचं, आणि बटण दाबलं की क्षणात तिच्या जागी परत. काट्यांवर पडता पडता मी तिच्यापाशी परतलो. पुन्हा गेलो, पुन्हा परतलो. आता ती बाटली पीत नाही, दार बंद करत नाही. उभी राहते, वाट बघते.

न राहवून दादाला फोन लावला. म्हटलं, आठवतं का, बाराव्या लेव्हलला तू वैतागून खालचा बाण दाबलास आणि तलवार म्यान झाली?

तो थोडा वेळ गप्प राहिला.

"नाही रे, असं नव्हतं झालं," म्हणाला. "मी तर उठून गेलो होतो. तू एकटाच होतास कीबोर्डवर. थांब, सांगतो."