पाण्याचा दिवस

"अगं, ही काय करवत काढलीस?" दवाखान्यात आलेल्या एका बाईचा, रोज सकाळच्या तापमानाचा तक्ता हातात घेतल्यावर माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. ती काहीच बोलली नाही. ओढणीच्या टोकाला पीळ देत बसली. या गोष्टीला आता काही महिने झाले, पण ते वाक्य मला अजून सोडत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमच्या दवाखान्यात मी सोळा वर्षं सिस्टर आहे. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायका घरी तेलुगू बोलतात. त्या विड्या वळतात आणि नवरे लूमवर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. मूल होत नाही म्हणून जी जोडपी येतात (जोडपी कुठली, बायकाच येतात) त्यांच्याशी पहिलं बोलणं माझं. पाळी किती दिवसांनी येते, आधी कुठं दाखवलं, फाईल आणली का. फाईल नेहमीच आणलेली असते. कॅरिबॅगमध्ये, वर रबर लावून.

हिची फाईल दीड इंच जाड होती. वय २७, लग्नाला पाच वर्षं. दोन वेळा फॉलिक्युलर, म्हणजे अंडं वाढतंय का ते सोनोग्राफीनं बघणं, झालेलं. पाळीच्या नवव्या, अकराव्या, तेराव्या, पंधराव्या दिवशी सोनोग्राफी. दोन्ही वेळा 'अंडं वाढत नाही' म्हणून पंधराव्याला काम बंद. त्यानंतर एकविसाव्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन (अंडं सुटल्यावर रक्तात वाढणारं हार्मोन) ०.६, आणि त्याखाली कुणीतरी बॉलपेननं 'अंडं फुटत नाही' असं लिहून दोनदा अधोरेखित केलेलं. एवढ्या कागदांत नवऱ्याच्या तपासणीचा एक चिठोरा नव्हता. विचारलं तर सोबत आलेली सासू म्हणाली, "त्याला काय झालंय? धडधाकट हाय की." हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पेन खाली ठेवूनच प्रश्न विचारते.

पाळी किती दिवसांनी? "छत्तीस. कधी पस्तीस." अगदी नेमानं. हे फाईलमध्ये कुठंही नव्हतं.

पैसे संपले होते. परत सोनोग्राफीचा फेरा नको, दोन महिने थांबू, असं मॅडमनी सुचवलं. मी म्हटलं, तोवर तक्ता देऊ का? मॅडमना तक्त्याचं कौतुक नाही. "पाऊस पडून गेल्यावर किती पडला ते सांगणारं भांडं आहे ते," असं त्या म्हणतात, आणि खरंच आहे. अंडं फुटलं की त्या जागी पिवळसर गाठ तयार होते, ती प्रोजेस्टेरॉन सोडते आणि त्यानं शरीराचं तापमान अर्धा-एक डिग्री फॅरनहाइटनं चढतं. पाळी येईपर्यंत चढलेलंच राहतं. पण चढतं ते अंडं सुटल्यानंतर, आणि सुटलेलं अंडं टिकतं जेमतेम एक दिवस. म्हणजे आकडा चढलेला दिसला तोवर त्या महिन्याची गाडी गेलेली असते. गर्भ राहण्याचे दिवस अंडं सुटण्याच्या आधीचे पाच आणि तो एक, असे सहाच. ब्रिटनमधली सरकारी मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा सांगतात की अंडं सुटतंय का हे ठरवायला तक्त्यावर विसंबू नका.

तरी मी तक्ता देते. फुकट आहे, सुई नाही. आणि पाच वर्षं आपल्या पोटात काय चाललंय हे दुसऱ्यांकडून ऐकणारी बाई पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काहीतरी लिहिते.

थर्मामीटरवर मात्र मी तडजोड करत नाही. तापाचा साधा डिजिटल चालत नाही, तो पॉइंटनंतर एकच आकडा दाखवतो आणि घाईनं वाजतो. इथं सगळा खेळ ९७.२ आणि ९७.७ यांच्यातला. दोन आकडे दाखवणारे तीन थर्मामीटर मी ऑनलाइन मागवून ठेवलेत, स्वतःच्या पैशानं, आणि वहीत सही घेऊन देते. पाऱ्याचा असेल तर पाच मिनिटं जिभेखाली, आणि झटकायचा आदल्या रात्री, सकाळी नाही. आमच्याकडे त्यातही गंमत. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत फळीवर ठेवलेला पाऱ्याचा थर्मामीटर दुपारी आपला आपणच १०६ पर्यंत चढून बसतो आणि उतरत नाही. एका बाईनं तसाच वाचून तीन दिवस १०६ लिहून आणलं होतं. तिला मी विचारलं, अगं, तू चालत कशी आलीस?

तर ही. पहिल्या महिन्याचा तक्ता आणला. सगळे आकडे ९७.१, ९७.२, ९७.३ आणि मध्येच एकदम ९८.१. पुन्हा खाली. पाचव्या दिवशी पुन्हा ९८.३. महिनाभर असेच दात. आमचा नियम सहा-तीनचा. आधीच्या सहाही दिवसांपेक्षा वरचे असे सलग तीन दिवस मिळाले की अंडं सुटलं म्हणायचं. इथं कुठलेही सहा घेतले तरी त्यात एक दात येणारच. नियम लागूच होईना. मी करवतीचं वाक्य बोलले, वर विचारलं, "उठून, चूळ भरून, चहा पिऊन लावतेस ना?" नाही म्हणाली. मी विश्वास ठेवला नाही. लाल पेननं कोपऱ्यात 'एन.आर.' लिहिलं. नॉट रिलाएबल. ही माझी जुनी खूण.

दुसऱ्या महिन्यात पुन्हा करवत. या वेळी माझा आवाज चढला, रांगेतल्या बायकांनी वळून बघितलं. तेव्हा ती पहिल्यांदा उलट बोलली. "तुमीच म्हनलाव की सिस्टर, उठल्या उठल्या लाव. मी उठल्या उठल्याच लावायले."

"रोज?"

"रोज. पाण्याच्या दिवशी पन."

मी तिच्याकडे बघत राहिले.

सोलापूरच्या बाहेरच्यांना हे सांगायला हवं. शंभर किलोमीटरपलीकडचं उजनी धरण ओसंडून वाहत असलं तरी आमच्या नळाला पाणी रोज येत नाही. चार दिवसांनी, पाच दिवसांनी. आणि येतं त्याच्या सवडीनं. हिच्या गल्लीत रात्री तीनला. म्हणजे त्या रात्री अडीचला उठायचं, मोटर लावायची, बॅरल, घागरी, पातेली, जे असेल ते भरायचं, शेजारच्या म्हातारीचं भरून द्यायचं, साडेचारला ओल्या साडीनिशी आडवं व्हायचं आणि साडेपाचला 'उठायचं'. उठल्या उठल्या थर्मामीटर. ती कागदावरची सूचना अक्षरशः पाळत होती. आमच्या कागदावर 'झोपेतून उठल्यावर लगेच' एवढंच छापलेलं. त्याआधी किमान तीन तास सलग झोप हवी, हे नाहीच. तो कागद मीच कधीकाळी एका इंग्रजी फॉर्मवरून उतरवला होता. त्या फॉर्ममधली बाई रात्रभर झोपते आणि गजर झाला की डोळे उघडते. मलाही पाणी रात्रीच येतं, पण आमच्या बिल्डिंगला टाकी आहे आणि वॉचमन आहे.

"पाणी कुठल्या कुठल्या दिवशी आलं, आठवतंय?"

"कॅलेंडरवर हाय."

दुसऱ्या दिवशी ती कॅलेंडरच घेऊन आली. भिंतीवरचं, खिळ्याच्या भोकासकट. पाण्याच्या दिवशी निळी टिकली, पाळीच्या दिवशी लाल फुली, विड्यांचा माल कारखान्यात द्यायच्या दिवशी चौकोन. तिची ती जाडजूड फाईल त्या एका पानापुढे काहीच नव्हती. ओपीडी संपल्यावर मी दोन्ही तक्ते कोऱ्या चौकटीच्या कागदावर नव्यानं काढले, पेन्सिलनं, निळ्या टिकलीचे दिवस गाळून. बिघडलेला आकडा गाळणं यात लबाडी नाही. ताप आला, जागरण झालं की तो दिवस सोडायचाच असतो. माझे हात थोडे थरथरत होते, कबूल करते. बाविसाव्या दिवसापर्यंत रेघ सपाट, ९७.१ ते ९७.३. तेविसाव्याला ९७.७, मग ९७.८, ९७.७, ९७.९. पाळीपर्यंत वरच. दुसरा महिना थेट तसाच. इतकी स्वच्छ पायरी मी पुस्तकाबाहेर क्वचितच पाहिली आहे.

म्हणजे अंडं सुटत होतं. बाविसाव्याच्या आसपास. एकविसाव्याला रक्त तपासलं तेव्हा ते सुटलेलंच नव्हतं, मग प्रोजेस्टेरॉन ०.६ नाहीतर किती येणार? ही तपासणी 'एकविसाव्या दिवसाची' म्हणून रूढ झाली ती अठ्ठावीस दिवसांच्या पाळीसाठी. तिचा खरा अर्थ पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. छत्तीसवाल्या बाईची एकोणतिसाव्याला करायला हवी. सोनोग्राफीही पंधराव्याला थांबवलेली, म्हणजे स्टँडवर गाडी यायच्या आधीच गाडी रद्द म्हणून पाटी लावलेली. २४ ते ३८ दिवसांची पाळी नॉर्मल धरतात. ही त्यात बसते. फक्त एक प्रश्न विचारायचा होता, किती दिवसांनी येते? कुणी विचारला नाही. दोष एकट्यादुकट्याचा नाही, घाईचा आहे, असं मी मोठ्या मनानं म्हणते, पण राग यायचा तो येतोच.

आणि खाडे. जुन्या दवाखान्यात तिला 'बारा ते सोळा' हे दिवस सांगितलेले. नवरा एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळीत ते दिवस आले की तो खाडा करायचा. चार महिने त्यानं मालकाची बोलणी खाल्ली, पगार कापून घेतला. पुरुषाचं बीज पोटात पाच दिवसांपर्यंत तग धरतं. सोळाव्यापासून बावीस म्हणजे सहा. एका दिवसानं हुकत होतं दर वेळी.

हे सांगितल्यावर ती रडेल असं मला वाटलं होतं. ती हिशेब करत होती. "चार म्हैने... किती झाले ओ?" तिचा सवाल पैशांचा होता.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी निघाली. "पाळीनंतर दोन-अडीच आठवड्यांनी अंगावरून जातंय, त्याची गोळी चालू हाय." कसं जातं, विचारलं. पाण्यासारखं, तार सुटते, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं. वास नाही, खाज नाही. तापमान मागचं सांगतं, पण हे पुढचं सांगतं. शरीर आधीच वर्दी देतं की दिवस जवळ आले. आणि ही त्याच्यावर दुकानातून गोळ्या आणून खात होती, कारण आमच्याकडे अंगावरून जाणं म्हणजे रोगच. कॅलेंडरवर तिला चौथी खूण शिकवली. तिनं हिरवं पेन मागितलं.

मॅडमना नवा तक्ता दाखवला. त्या बराच वेळ बघत होत्या. कौतुक वगैरे काही नाही. "एकोणतिसाव्याला प्रोजेस्टेरॉन पाठव," एवढंच. रिपोर्ट आला, ११.४. तीनच्या वर असलं तरी अंडं सुटलं असं धरतात. तो रिपोर्ट फाईलमध्ये लावताना मी मुद्दाम त्या ०.६ च्या समोरासमोर लावला.

पण माझं मन त्यात नाही. दवाखान्याच्या मागच्या कपाटात जुने तक्ते आहेत. एका रविवारी जाऊन काढले. चाळीसएक निघाले. त्यांतल्या कितीतरींच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात लाल 'एन.आर.'. काही खरंच गोंधळाचे आहेत, एकीनं तर सगळे आकडे एकाच बैठकीत एकाच पेनानं भरलेले दिसतात. पण काहींत चार-चार, पाच-पाच दिवसांवर दात आहेत. नीट, ओळीनं. त्या बायकांनाही मी काहीतरी बोलले असणार. करवत म्हणाले नसेन, दुसरं काही. त्यांतल्या बहुतेकींचे फोन नंबर बदललेत. एकीला लागला, तिनं ओळखलं नाही. की ओळखलं नाहीसं केलं.

आता आमच्या कागदावर एक रकाना वाढवलाय, 'पाणी', आणि खाली ठळक, 'आधी तीन तास झोप झाली नसेल तर आकडा लिहा पण भोवती गोल करा'. मॅडम म्हणाल्या, एवढं लिहिलंस तर 'पाळी किती दिवसांनी' हे सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिही. लिहिलं.

पुढचं गेल्या आठवड्यातलं. सकाळी साडेसातला, शटर अर्धंच वर होतं, बाहेर एक माणूस उभा. रातपाळीवरून थेट आलेला, केसांत, भुवयांवर सुताचे बारीक पांढरे तंतू. मी ओळखलं नाही. त्यानं बायकोचं नाव सांगितलं, मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती डबी इथंच मिळते का?"

मी वीर्य तपासणीची डबी दिली. सांगितलं, आधी दोन ते सात दिवस संबंधात अंतर पाहिजे, घरून आणणार असाल तर तासाभरात पोचली पाहिजे. त्यानं डबी शर्टाच्या आत घातली, वरून बटण लावलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"शुक्रवारी आणतो. गुरुवारी पाणी हाय."