मिडल वॉच

आण्णांना जाऊन परवा महिना झाला. भेटायला आलेलं प्रत्येक माणूस तेच बोलत होतं, ‘जन्मभर समुद्र बघितलेला माणूस!’ आजी असती तर तोंडाला पदर लावून हसली असती. माझ्या आजोबांनी समुद्र फारसा बघितलेलाच नव्हता. नेव्हीत ते स्टोकर. ड्युटी बॉयलर रूममध्ये, जहाजाच्या पोटात, पाण्याच्या रेषेखाली. बाहेर वादळ आहे की टिपूर चांदणं, ते त्यांना पायाखालच्या पत्र्यावरून कळायचं.

आमच्याकडं कोल्हापुरात पोरगं भरती झालं म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीत, हे धरूनच चालतात. आण्णा पंचगंगेत पोहायला शिकलेले, तेवढ्या भांडवलावर १९५८ साली नेव्हीत गेले. वय १९. ट्रेनिंग लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीवर. ‘जहाजाचं शिक्षण, आणि चारी बाजूला डोंगर,’ याचं त्यांना शेवटपर्यंत हसू यायचं.

१९७१ च्या युद्धात ते विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते. जहाजाला चार बॉयलर, त्यातल्या एकाला तडा गेलेला, म्हणून तो बंद. ४ डिसेंबरला पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझार आणि चितगाववर सी हॉक विमानं गेली ती उरलेल्या तिघांच्या जिवावर. विमान उडवायचं तर जहाज वाऱ्याकडं तोंड करून पळवावं लागतं, आणि डेकवरून विमान पुढं फेकणारा कॅटापुल्टही वाफेवरच चालायचा. ‘धप्प झालं की एक गेलं. परत धप्प, आणखी एक. आम्ही खाली मोजत बसायचो. आणि परत येताना बी मोजायचो बरं का.’ आण्णांनी बघितलेलं युद्ध एवढंच, तेही कानांनी.

नौदल दिनाला, ४ डिसेंबरला, पेठेतल्या तालमीची पोरं हार घेऊन यायची. आण्णा गळ्यात घालून घ्यायचे, पोरांना पेढे द्यायचे. ९ डिसेंबरला मात्र घरात आवाज चढवायचा नाही. १९७१ च्या त्या रात्री दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना घेऊन. त्यांच्यात आण्णांच्या बरोबर शिकलेला मालवणकडचा एकजण होता, तोही स्टोकर. ‘वरच्यांना उडी तरी मारता आली असंल,’ एकदाच म्हणाले. पुढं मीही विचारलं नाही.

वर्षातले दहा महिने बाहेर असलेल्या माणसाला कुटुंबवत्सल म्हणावं का, यावर आमच्या आत्याचं मत ठाम आहे, आणि त्याला पुरावा आहे. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपासाठी चार बोटं जागा असायची. आजीनं ते सगळे कागद हळदीकुंकवाच्या जुन्या डब्यात जपून ठेवलेले. १९७४ चा एक आत्या अजून पर्समध्ये घेऊन फिरते: ‘धाकटीला सायकल घ्यावी. लोक काय म्हणाले ते लिहू नये.’

१९७९ ला पेन्शन घेऊन आले आणि वीस वर्षं एका साखर कारखान्यात बॉयलरवरच राहिले. तेलाच्या जागी बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, एवढाच फरक. गळीत हंगामाआधीच्या अग्निप्रदीपनाला संचालक मंडळ पूजा करून, फोटो काढून निघून जायचं. आण्णा मागं थांबून कान लावून ऐकायचे. घरचा कुकरसुद्धा ते शिट्टीवर नाही, शिट्टीच्या आधीच्या आवाजावर बंद करायचे. डाळ कधी कच्ची राहिली नाही, हे खरं. आईला मात्र याचा भयंकर राग यायचा.

२०११ मध्ये आजी अंथरुणाला खिळली. आण्णांनी कॅलेंडरच्या पाठीमागं तक्ता आखून स्वयंपाकघरात लावला. चार-चार तासांच्या वॉच, म्हणजे जहाजावरच्या पाळ्या. संध्याकाळी चार ते आठ मात्र दोन तुकडे, ‘डॉग वॉच’. त्यानं दिवसाच्या सहा वॉचच्या सात होतात, आणि रात्रीची पाळी रोज एकाच्याच गळ्यात पडत नाही. काका कुरकुरले, ‘आण्णा, हे घर हाय, जहाज न्हवं.’ आण्णा म्हणाले, ‘म्हणून तर रम मिळणार नाही.’ मिडल वॉच, रात्री बारा ते चार, त्यांनी स्वतः सात महिने केली. सात पाळ्यांचं गणित त्या एका खान्याला लागू नव्हतं. उशाशी वही. औषध, पाणी, कूस बदलली. वेळ आणि सही.

त्याच वहीत २०१९ चा महापूरही आहे. शुक्रवार पेठेतल्या आमच्या जिन्याच्या पायऱ्या पाण्याखाली जात होत्या, आणि आण्णा वरच्या मजल्यावर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे आकडे लिहीत बसले होते. धोक्याची पातळी ४३ फूट. आकडा ५५ च्या वर गेला तेव्हा बोटवाले न्यायला आले. ८० वर्षांचे आण्णा बोटीत चढले आणि पोरांना म्हणाले, ‘आयला, वरनं बघायला बरं वाटतंय की!’

शेवटचे अठरा दिवस ते स्वतःच अंथरुणावर. तक्ता बाबांनी आखला, सात खान्यांचा, तसाच. सोळाव्या रात्री मिडल वॉच माझी होती. अडीचला त्यांनी डोळे उघडले. ‘प्रेशर?’ बीपी विचारतायत असं समजून मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली, त्यांना ते नको होतं. मग मला सुचलं ते मी बोलले, ‘तिन्ही चालू आहेत, आण्णा.’ परत झोपले.

दोन दिवसांनी, काकांच्या वॉचला गेले. वहीत काकांच्या अक्षरात ‘५.१०’ आहे आणि सही. पुढची वॉच आत्याची, आठ वाजताची. घर माणसांनी भरलेलं होतं, तिला कुणी बोलावलंही नव्हतं. आठाला पाच कमी असताना ती थर्मास घेऊन आत गेली आणि म्हणाली, ‘आलो मी. तू ऊठ आता, जा, झोप जरा.’