बांधावर पडलेलं पाकीट

खानदेशात जायचं तर डिसेंबरात, असं मी ज्याला त्याला सांगत असते. कारण साधं आहे, भरिताची वांगी. काटक्यांच्या जाळावर भाजलेली, हिरव्या मिरचीत बडगीने ठेचलेली, सोबत कळण्याची भाकरी. मैत्रिणीचं माहेर चोपडा तालुक्यात, त्यामुळे हक्काने गेले. रात्रीच्या गाडीत आरक्षित डब्यातसुद्धा पाय ठेवायला जागा नव्हती. जळगावहून एसटीने विदगावला तापी ओलांडली आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, समोर सातपुडा असं दिसायला लागल्यावर जरा बरं वाटलं. उनपदेवचा गरम झरा पाहिला, मनुदेवीला जाऊन आले. सगळं छान होतं. पण लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी, अप्पांच्या कापसाच्या शेतासाठी.

अप्पा म्हणजे मैत्रिणीचे वडील. शेतात वेचणी चालू होती. बायकांच्या पाठीला ओट्या बांधलेल्या, पण हात मंद, कारण बोंडं नीट उमललीच नव्हती. अर्धा कापूस कवडी झालेला, पिवळट, चिकटलेला, ओढून काढावा लागत होता. अप्पांनी एक हिरवं, बाहेरून अगदी निरोगी बोंड तोडलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून फोडलं.

"हाई दख, बेटा."

आत गुलाबी पट्ट्यांची अळी. तपकिरी डोकं, लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. दोन सरक्या तिने धाग्याने एकमेकींना जोडल्या होत्या आणि त्यांच्या आत घर केलं होतं. आत शिरतानाचं छिद्र इतकं बारीक असतं की ते नंतर भरून येतं. म्हणून फोडल्याशिवाय काही कळत नाही, आणि फवारलेलं औषध तिथपर्यंत पोचत नाही.

शेजारून एक गृहस्थ म्हणाले, "बियाणंच बोगस येतंय आता." हे वाक्य त्या मुक्कामात मी सारखं ऐकलं, एसटीत, हॉटेलात शेवभाजी खाताना, लग्नाच्या मांडवात. बोगस बियाणं बाजारात असतंच, ते नाकारत नाही. पण इथे घडलंय ते त्याहून मोठं आहे, आणि ते कुणी सांगत नाही याचा मला फार राग आला.

बीटी कापूस भारतात 2002 साली आला. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलेलं, त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं आणि ते अळीच्या आतड्याला भोकं पाडतं. 2006 मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. पण लाखो अळ्यांमध्ये एखादी अशी असतेच, जिच्या आतड्यात त्या प्रथिनाला चिकटायला जागाच नसते. ती मरत नाही. बाकीच्या मेल्यावर शिवार तिच्याच पिल्लांचं. 2010 पर्यंत गुजरातेत पहिल्या वाणाला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही हे उघड झालं, पुढे दुसऱ्याचंही तेच झालं, आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात अळीने हाहाकार माजवला. डार्विनने 1859 साली जी नैसर्गिक निवड मांडली, ती हीच. तिच्यासाठी दूरच्या बेटांवर जायला नको, चोपड्याच्या शिवारात ती आपल्या डोळ्यांदेखत, दीड दशकात घडली. योगायोग असा की डार्विन 1842 साली आपल्या विचाराचा पहिला पेन्सिलीतला मसुदा लिहीत होता, आणि पुढच्या एक-दोन वर्षांतच या अळीचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापून आलं, तेही इथून फार लांब नसलेल्या भरूचच्या कापसातल्या नमुन्यांवरून.

पंपाच्या खोलीत पाणी प्यायला गेलो, तर फळीवर बियाण्याची छोटी पाकिटं पडलेली. न फोडलेली, काही उंदरांनी कुरतडलेली. एक तर बाहेर बांधावरच मातीत रुतलेलं. 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटीचं जे पाकीट मिळायचं, ते हे. गावात त्याला रिफ्युजी म्हणतात.

"हे का नाही लावलं, अप्पा?"

"लावीसन काय करानं? त्याले त अळी लागस. आमले कोनी सांगंच नही."

मी तिथे खाटेवर बसूनच राहिले. बियाण्यासोबत त्या बियाण्यामागचा अख्खा विचार पाकिटात घालून दिलेला, आणि तो विचार नेमका काय हे वर्षानुवर्षं शेतकऱ्याला एकानेही बसून समजावलं नाही. दुकानदाराने नाही, मेळाव्यात भाषण करणाऱ्यांनी नाही.

अप्पांची नात दहावीला आहे. राज्य मंडळाच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. तिला डार्विन पाठ, लामार्क पाठ, जिराफाची मानही पाठ. (2023 मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढून टाकला, तेव्हा अठराशेवर शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी विरोधाचं पत्र लिहिलं होतं. आपल्या मंडळात हा धडा आहे, हे मोलाचं आहे.) पण आजोबांच्या बोंडातली अळी आणि आपला धडा यांचा संबंध तिच्यापर्यंत कुणी आणला नव्हता. मी तिला वही काढायला लावली. दाद न देणारी अळी व्हायला आईबाप दोघांकडून तो गुण यावा लागतो. बीटीत वाचलेले दोन पतंग एकमेकांना भेटले तर सगळी पिल्लं तशीच. पण शेताच्या कडेला बिगर-बीटीच्या ओळी असतील तर तिथे साध्या पतंगांची झुंबड असते. बीटीतून वाचलेल्या पतंगाची गाठ बहुधा त्यांच्याशीच पडते, आणि पिल्लात तो गुण एकाच बाजूने उतरल्यामुळे ते बीटीत मरतं. पोरीने आईबापाचे गुण पिल्लांत कसे उतरतात ते दाखवणारा पनेटचा चौकोन मांडला, चारही घरं भरली आणि आजोबांपुढे वही धरली.

अप्पा बराच वेळ वहीकडे पाहत होते. मग त्यांनी वांग्याचं उदाहरण काढलं. माय दरवर्षी सगळ्यात मोठं, पांढुरकं हिरवं, कमी बियांचं वांगं झाडावरच पिकू देते आणि बेण्याला धरते, तिच्या सासूपासून चालत आलेलं. आणि एकदम म्हणाले, "मंग आम्हीच त्या अळीनं बेनं धरं ना!"

डार्विनने आपल्या ग्रंथाची सुरुवात माणसाने पाळलेल्या जनावरांपासून आणि पिकांपासून केली, कबुतरांवर पानंच्या पानं लिहिली, ते याचसाठी. वाचकाला माहीत असलेल्या निवडीवरून माहीत नसलेल्या निवडीकडे न्यायचं. अप्पा ती वाट आपण होऊन चालून गेले. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो इतक्या वर्षांच्या भटकंतीत क्वचित झाला असेल.

हे कागदावरचं गणित नाही, हेही मी त्यांना सांगितलं. अमेरिकेतल्या ॲरिझोनात 1996 पासून बीटी कापूस होता, अळीही हीच. तिथे शेतकऱ्यांनी बिगर-बीटीच्या ओळी खरोखर राखल्या. पुढे विमानातून वांझ पतंग सोडले, आणि 2018 मध्ये तिथल्या सरकारने ही अळी देशातल्या कापूस पट्ट्यातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं.

अप्पांचा प्रश्न मात्र लगेच आला. पतंग काय बांध पाहून उडतो का? शेजाऱ्याने ओळी ठेवल्या नाहीत, तर मी एकट्याने ठेवून काय उपयोग? आणि आता अळी पक्की झालीच आहे, तर उशिरच झाला ना? दोन्ही प्रश्न खरे होते. ओळींचा फायदा अख्ख्या शिवाराने केलं तरच, आणि या घडीला त्याहून निकडीचं आहे ते फरदड न ठेवणं, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन तोच कापूस पुढे न चालवणं. जानेवारीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून शेत मोकळं केलं आणि मे महिन्यात लागवडीची घाई केली नाही, तर सरकीत झोपलेल्या अळ्यांचे पतंग निघतात तेव्हा त्यांना अंडी घालायला फुलपातीच मिळत नाही.

"विहिरीले पानी शे तवलोंग कोन उपटई?" अप्पा म्हणाले. फरदडीचे दोन-चार क्विंटल, म्हणजे नातीच्या अकरावीची फी. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते पोरीला म्हणाले, वही आण, आणि तिला घेऊन शेजारच्या बांधावर मघाच्या त्या गृहस्थांकडे गेले.