माझ्याच नोकरीसाठी माझी मुलाखत

आमच्या विभागात पुरवठादारांची बिलं तपासून पैसे सोडायचं काम चालतं. कंपनीने दोन कार्यालयांतले असे विभाग एकत्र करायचं ठरवलं, तेव्हा दोन्हीकडचे मिळून आम्ही अकरा जण होतो आणि नव्या आराखड्यात जागा होत्या सात. पत्रात कपातीचा उल्लेख नव्हता. ‘सध्याची सर्व पदे रद्द होत असून इच्छुक कर्मचाऱ्यांनी नव्या पदांसाठी अर्ज करावेत’, एवढंच. म्हणजे इतकी वर्षं जे काम केलं, त्याच कामासाठी बायोडेटा द्यायचा, फॉर्म भरायचा आणि ‘तुम्हाला या पदावर काम का करायचं आहे?’ या प्रश्नाला न हसता उत्तर द्यायचं.

पहिले काही दिवस सगळेच भडकलेले होते. दोघं तर ‘मी अर्जच करत नाही, बघू काय करतात’ या पवित्र्यात होते. मलाही तसंच वाटत होतं. पण पगारावर घर चालत असलं की पवित्रा फार दिवस टिकत नाही. मग मी डोकं शांत ठेवून आधी प्रश्न लिहून काढले. अर्ज केला नाही तर तो राजीनामा धरणार का? निवड झाली नाही तर भरपाई कोणत्या हिशेबाने? निवड झाली तर आधीची सेवा सलग मोजणार का, शिल्लक रजांचं काय? आणि पगाराची श्रेणी तीच राहणार का?

यातला पहिला प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पद रद्द झाल्यामुळे बाहेर पडणं आणि स्वतःहून राजीनामा देणं यात पैशांचा मोठा फरक असतो, आणि रागाच्या भरात माणूस नेमका दुसरा कागद लिहून देतो. बैठकीत एचआरच्या मॅडम म्हणाल्या, ‘काळजी करू नका, ते सगळं बघू.’ मी त्याच संध्याकाळी चारही प्रश्न मेलवर पाठवले. उत्तर यायला बरीच आठवण करून द्यावी लागली, पण आलं ते लेखी आलं. अर्ज न करणं म्हणजे राजीनामा नाही, सेवा सलग राहील. तो मेल मी जपून ठेवला.

या काळात रात्री बसून बरंच वाचलं. ऑस्ट्रेलियात या प्रकाराला ‘स्पिल अँड फिल’ म्हणतात: आधी सगळ्यांना जागेवरून उठवायचं, मग जागा भरायच्या. ब्रिटनमध्ये एका आस्थापनेत ९० दिवसांत २० किंवा अधिक लोकांची पदं जाणार असतील, तर किमान ३० दिवस आधी सल्लामसलत सुरू करावी लागते. १०० किंवा अधिक असतील तर ४५ दिवस आधी. शिवाय अशा कर्मचाऱ्याला वेगळ्या स्वरूपाचं पर्यायी काम दिलं, तर ते जमतंय का हे बघायला चार आठवड्यांची मुदत मिळते. आम्हाला यातलं काहीच लागू नव्हतं. पण ही मुदतीची गोष्ट वाचली नसती तर ती मागावी हे कुणालाच सुचलं नसतं. ती पुढे एकीच्या कामी आली.

मग जुनी जेडी, म्हणजे पदाच्या कामांची यादी, शोधली. रुजू होताना मिळालेली, चार ओळींची. नवी दोन पानांची होती. दोन्ही छापून शेजारी ठेवल्या आणि जे जुनंच आहे त्यावर पेन्सिलीने खूण करत गेले. जवळजवळ सगळंच जुनं निघालं, फक्त भाषा भारदस्त झाली होती. खरोखर नव्या गोष्टी दोनच होत्या: बिलं स्कॅन करून आपोआप नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरवर लक्ष ठेवणं आणि दर महिन्याला थकबाकीचा अहवाल देणं. हे करून बघितल्यावर माझं एक मत झालं, आणि ते अजून बदललेलं नाही. काम खरंच बदलत असेल तर नव्याने अर्ज मागवण्यात काही अर्थ आहे. काम तेच असेल, तर माणसं गाळायची आहेत हे सरळ सांगायचं धाडस नसल्यामुळे हा घाट घातलेला असतो. आमच्याकडे दोन्हीची सरमिसळ होती.

फॉर्ममध्ये प्रत्येक उत्तराला शब्दमर्यादा. ‘अचूकतेचं उदाहरण द्या’ यावर माझं घोडं अडलं. अचूकता हेच तर रोजचं काम, त्याचं उदाहरण काय द्यायचं? शेवटी एक सवय आठवली. एकाच पुरवठादाराचं एकाच क्रमांकाचं बिल दुसऱ्यांदा नोंदवायला गेलं की आमची प्रणाली अडवते. पण आधी मेलवर आलेलं बिल ‘एसपी-०४५७’ म्हणून नोंदवलं आणि नंतर टपालाने आलेलं तेच बिल कुणी ‘एसपी४५७’ लिहिलं, तर तिच्या लेखी ही दोन बिलं. म्हणून पैसे सोडायच्या आदल्या दिवशी मी पूर्ण यादी क्रमांकाऐवजी रकमेप्रमाणे लावते. सारख्या रकमा एकाखाली एक येतात आणि जोडी चटकन डोळ्यांत भरते. हे ना जेडीत होतं, ना कुणी शिकवलं होतं. तसंच पुरवठादाराचं बँक खातं बदलल्याचा मेल आला की त्या मेलमधल्या नंबरवर फोन न करता आपल्या जुन्या नोंदीतल्या नंबरवर करायचा, हेही. फॉर्ममध्ये मी हेच लिहिलं, कौतुकाचे शब्द न घालता.

आता अवघड भाग. माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी आणि मी एकाच पदासाठी अर्ज करत होतो. आम्ही वर्षानुवर्षं एकमेकींच्या नोंदी तपासत आलो. एकीने भरायचं, दुसरीने मंजूर करायचं, असाच नियम आहे. फॉर्म आल्यापासून तिचं बोलणं कमी झालं, माझंही झालं असणार. चुकून दोनदा पैसे गेलेलं एक मोठं बिल मागे आम्ही दोघींनी मिळून शोधून वसूल केलं होतं. विभागातलं सगळ्यांत सांगण्यासारखं काम तेच. ते कुणाच्या अर्जात जाणार?

जिन्यात तिला गाठून सरळ विचारलं. ती जरा वेळ थांबली आणि म्हणाली, ‘अगं, सापडलं तुला. पण तीन महिने त्यांच्या मागे लागून पैसे आणले मी. तसंच लिहू ना.’ मग दोघींनी तेच प्रकरण लिहिलं, आपापल्या वाट्यापुरतं, आणि दुसरीच्या कामाचा उल्लेख एका ओळीत केला. यात एक चांगलं झालं. दोन्ही अर्ज त्याच पॅनेलसमोर जाणार होते, त्यामुळे एकीने सगळं श्रेय ओढलं असतं तर लगेच उघडं पडलं असतं.

मुलाखतीला तिघं होते: आमचे साहेब, दुसऱ्या कार्यालयाचे एक अधिकारी आणि एचआर. एरवी ‘अगं, ती फाइल कुठाय?’ म्हणणारे साहेब समोरचा कागद वाचून म्हणाले, ‘आपल्या सध्याच्या कामाविषयी थोडक्यात सांगा.’ मला हसू आवरेना, त्यांनाही. पण ‘तुम्हाला तर माहीतच आहे, सर’ असं म्हणायचं नाही हे ठरवूनच गेले होते. तिथे जे बोललं जातं त्यालाच गुण मिळतात. साहेबांना जे माहीत आहे त्याला रकाना नसतो. म्हणून दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे बघून सगळं पहिल्यापासून सांगितलं: प्रसंग काय होता, माझ्यावर काय होतं, मी काय केलं, त्यातून काय निघालं. ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि बिल हे तिन्ही का जुळवायचे, इथपासून. सॉफ्टवेअरबद्दल विचारलं तेव्हा म्हटलं, ते वापरलेलं नाही, पण ते कुठे चुकेल हे आत्ता सांगू शकते. आणि ०४५७ची गोष्ट सांगितली. त्या अधिकाऱ्यांनी ती लिहून घेतली.

मला पद मिळालं. तिला मिळालं नाही. एक श्रेणी खालचं देऊ केलं. तिने आधीचा पगार कायम ठेवून काम करून बघायला चार आठवडे मागितले. पगार कायम राहणार नाही म्हणाले, पण मुदत दिली. ती संपल्यावर तिने नको म्हणून कळवलं आणि पूर्ण सेवेच्या हिशेबाने भरपाई घेऊन बाहेर पडली. तो निर्णय बरोबर होता असंच मला वाटतं, जरी शेजारचं टेबल रिकामं झालं तरी.

माझ्या नियुक्तिपत्रात रुजू होण्याची तारीख नवीच छापलेली होती, आधीच्या सेवेचा शब्दही नाही. एचआर म्हणे, फॉरमॅटच तसा आहे. मी सही न करता त्यांचाच जुना मेल जोडून पत्र परत पाठवलं. काही दिवसांनी सेवा सलग असल्याची ओळ घालून दुसरं पत्र आलं, तेव्हा सही केली. बाकीच्या सहा जणांनी आधीच सह्या करून टाकल्या होत्या. त्यांना माझं पत्र दाखवलं. त्यातल्या चौघांनी आपलं पत्र बदलून घेतलं, दोघांनी ‘जाऊ दे’ म्हटलं.