सिटी टर्बो, भाग ७: कणकेचा गोळा

मंडळी, माझ्या जुन्या होंडा सिटीला टर्बो बसवण्याच्या या मालिकेच्या भाग ६ मध्ये मीच छाती काढून लिहिलं होतं: डाउनपाइप (टर्बोतून धूर खाली नेणारा पाइप) बसला, चासीला ग्राइंडर शिवला नाही, आता फक्त स्टार्ट. स्टार्ट झालाही. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि खालून ‘टक्’. पुन्हा सोडला, पुन्हा ‘टक्’. जॅकवर चढवून पाहिलं, तर क्रॉसमेंबरच्या (गाडीच्या पुढच्या बाजूच्या आडव्या पट्टीच्या) रंगावर नखाएवढा चकचकीत ओरखडा.

तिथे पाइप आणि क्रॉसमेंबरमध्ये १४ मिमी फट होती. ड्रिलचे बिट घालघालून मोजली होती, पण बंद इंजिनावर. गाढवपणा माझाच. आपलं होंडाचं डी सिरीज इंजिन आडवं, एक्झॉस्ट पुढे. चाकांना जोर गेला की इंजिनाचं डोकं मागे फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) झुकतं आणि पाय रेडिएटरकडे येतात. आपला पाइप नेमका त्या पायांपुढे लोंबतोय.

पाय किती पुढे येतात हे पाहायला घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा पिशवीत घालून क्रॉसमेंबरला टेपने चिकटवला. हँडब्रेक, पहिला गिअर, अर्धा क्लच, एक सेकंद. गोळा काढला तर मधोमध आरपार भोक. (कणीक कुठे गेली, ही चौकशी घरात अजून चालू आहे.)

पहिला संशय फाउंडेशनवर, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या रबरी माउंटवर. पुढचं आणि मागचं दोन्ही काढली, रबराला बोट जाईल एवढ्या चिरा. नवीन जोडी एका दुकानातून ‘ओरिजिनल’ म्हणून घेतली, तर बोल्टची भोकंच जुळेनात. डब्यावर होलोग्राम मात्र झकास. परत केली आणि नाना पेठेतून साधी लोकल आणली, ती पहिल्या फटक्यात बसली. आता गोळा २ मिमी जाड उरला, म्हणजे तेवढी फट राहिली. पार्टी करावीशी वाटली, पण कॅल्क्युलेटरने पाणी ओतलं: ३०४ स्टेनलेसचा अर्धा मीटर पाइप ५०० अंशांनी तापला की चार मिमीहून जास्त लांबतो, आणि आपलं वळण लांबून त्या कडेकडेच सरकतं.

त्या रात्री ग्राइंडर हातात घेतला होता, खोटं कशाला बोलू. टर्बो किटवाल्याच्या कागदावर एका ओळीत लिहिलंय, ‘क्रॉसमेंबरची कड ४० मिमी कापा’. जणू काकडीच. मोनोकॉक गाडीत (जिथे बॉडी हाच सांगाडा असतो) ही पट्टी दोन्ही बाजूंना बांधून ठेवते, वर रेडिएटरही तिच्यावर बसलाय. वीस-बावीस वर्षांचा पत्रा एकदा कापला की पुन्हा तसा होत नाही, वरून कितीही आर्गन वेल्डिंग मारा. शिवाय २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की कंपनीने दिलेली गाडीची मूळ रचना बदलता येत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. ही गाडी ट्रेलरवरून ट्रॅकलाच जायची आहे, तरी कधीतरी सगळं उतरवून तिला जशीच्या तशी करता आली पाहिजे.

वाट दाखवली आमच्या सायलेन्सरवाल्या चाचांनी. पाइप हातात फिरवत म्हणाले, “साहेब, पाइप गोलच पाहिजे असं कोणी सांगितलं?”

अडीच इंची, म्हणजे ६३ मिमीचा पाइप. फक्त कडेपुढचा वीतभर भाग ४५ मिमीपर्यंत दाबायचा. हिशेब केला: घेर तोच राहतो, क्षेत्रफळ जेमतेम नऊ टक्के कमी होतं. टर्बोचा दाब ७ पीएसआयच्या वर मी नेणारच नाही, इंजिनात कंपनीचेच कनेक्टिंग रॉड आहेत. नऊ टक्के चालतात.

दाबताना सुरकुती पडू नये म्हणून आत वाळू ठासली. चाचांनी आधी ती कढईत भाजून घेतली, चणे-फुटाणेवाले भाजतात तशी. ओली राहिली तर गॅस लावताच आतली वाफ बूच उडवते. मग तांबडा रंग येईपर्यंत तापवून दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये व्हाइसमध्ये हळूहळू. एकही सुरकुती नाही! मी तो तुकडा दोन दिवस टेबलावर ठेवून बघत बसलो होतो.

बसवून पुन्हा कणीक. गोळा ११ मिमी. चार तापण्याचे वजा करा, तरी सात हातात.

फाउंडेशनमध्ये काच चिकटवायचं पीयू (पॉलियुरेथेन) भरून ती कडक करायचा बेत होता, पण हे लिहिता लिहिता वाटतंय, कशाला? स्टिअरिंग थरथरेल ते वेगळंच. त्यापेक्षा इंजिनाच्या हेडच्या रिकाम्या बोल्टपासून स्ट्रट टॉवरच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या टोकाच्या) बोल्टपर्यंत एक डॉगबोन, म्हणजे दोन्ही टोकांना रबर असलेला दांडा टाकतो, नवीन भोक न पाडता. डोकं मागे गेलं नाही तर पायही पुढे येणार नाहीत. बेलोज (पाइपमधला लवचिक तुकडा) ही मग क्रॉसमेंबरच्या मागे न ठेवता दाबलेल्या तुकड्याला लागूनच घेईन.

टर्बोला प्रेशर स्विचच्या जागेवरून ऑइल देणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: किटमधलं फिटिंग एनपीटी (अमेरिकी आट्याचं) आहे, होंडाच्या ऑइल प्रेशर स्विचचा आटा १/८ बीएसपीटी (ब्रिटिश). इंचाला २७ आणि २८ आट्यांचा फरक, दोन फेरे गोडीने जातं आणि मग अडतं. जोर लावलात तर ॲल्युमिनियम तडकतं. बीएसपीटीचं फिटिंग आपल्याकडे कुठल्याही हायड्रोलिकच्या दुकानात मिळतं. मी भोसरीतून दोन आणली, एक हरवणार हे धरून.