तुम्ही विचारलंत म्हणून: झाडाला स्फुरदाची भूक कशी कळते?

मी धुळ्यात वनस्पतिशास्त्र शिकवतो. शिरपूर-शिंदखेड्याकडचे शेतकरी असोत की आमच्या वर्गातली मुलं, एक प्रश्न मला हमखास येतो. पेरताना डीएपी खत दिलं, माती परीक्षणाच्या कागदावरही स्फुरद म्हणजे फॉस्फरस ठीकठाक, तरी डिसेंबरच्या थंडीत मका जांभळा पडला. मग विचारतात, ‘सर, झाडले कसं समजस, खत शे का नही ते?’

झाड वावरातलं खत मोजत नाही, स्वतःच्या पेशीतलं मोजतं. मुळाच्या टोकाला बाहेरच्या स्फुरदाची थोडीफार चाहूल लागते हे खरं, पण जोमाने वाढायचं की काटकसरीने राहायचं हे ठरतं ते आतल्या साठ्यावरून. थंडीत मुळं गारठली की स्फुरद उचलण्याचं काम मंदावतं. जमिनीत असून ते आत पोचत नाही. चार-पाच पानांच्या मक्याचं खालचं पान हातात घेऊन बघा: टोकाकडून कडेकडेने जांभळी झाक चढत येते, मधला भाग बराच वेळ हिरवा राहतो. आत साठा कमी पडल्याचं झाडाने ओळखलेलं आहे, त्याची ही खूण.

हे ओळखण्याचं काम ज्या रेणूंकडे आहे, त्यांना इनोसिटॉल पायरोफॉस्फेट म्हणतात. इनोसिटॉल म्हणजे सहा कार्बनचं एक कडं. प्रत्येक कार्बनवर एक फॉस्फेट (मुळं स्फुरद याच रूपात उचलतात) बसला की झाला आयपी६, म्हणजेच आपल्या ज्वारी-हरभऱ्याच्या दाण्यात साठवलेलं फायटिक आम्ल. सहाच्या सहा जागा भरल्या. आता सातवा आला तर? काळी-पिवळीत जागा उरली नाही की पोराला मांडीवर घेतात, तसा सातवा फॉस्फेट आधीच्या एकाच्या मांडीवर बसतो. हा आयपी७. आणखी एकाला दुसऱ्याच्या मांडीवर घेतलं की आयपी८. सगळ्यांवर ऋण भार, त्यामुळे एकमेकांना दूर लोटायची ओढ जबर, आणि म्हणून हा मांडीवरचा बंध ऊर्जेने भरलेला असतो. असे रेणू पेशीत आहेत हे १९९३ च्या सुमारास समजलं.

मांडीवर बसवायचं काम करतात ती एन्झाइमं म्हणजे कायनेज. यीस्टमध्ये त्यांची नावं केसीएस१ आणि व्हीआयपी१. आपल्या शरीरात त्याच घराण्यातले आयपी६के आणि पीपीआयपी५के. वनस्पतींकडे आयपी६के नाही. त्यांच्यात आयपी७ बनवण्याचं काम आयटीपीके१ करतो आणि त्यापुढे आयपी८ बनवतात व्हीआयएच१ आणि व्हीआयएच२. मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवतात ते हे व्हीआयएच, कारण त्यांना दोन तोंडं आहेत. एका भागाने ते फॉस्फेट चढवतात, दुसऱ्याने उतरवतात. पेशीत एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) आणि फॉस्फेट भरपूर असले की चढवणं जोरात, कमी झाले की उतरवणं वरचढ. म्हणजे आयपी८ किती आहे, यावरून घरात दाणा किती आहे ते कळतं.

हा निरोप वाचायला एसपीएक्स नावाचा भाग असलेली प्रथिनं असतात. ती इनोसिटॉल पायरोफॉस्फेटांना धरतात हे जिनिव्हा आणि लोझानच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. आयपी८ भरपूर असला की एसपीएक्स प्रथिन पीएचआर१ ला, म्हणजे जनुकं चालू करणाऱ्या एका प्रथिनाला, पकडून ठेवतं. आयपी८ घटला की ही पकड सुटते आणि मोकळा झालेला पीएचआर१ भुकेची सगळी जनुकं चालू करतो: मुळांवर फॉस्फेट ओढणारे वाहक वाढतात, साठवलेलं स्फुरद सोडवणारी एन्झाइमं बनतात, पानात जांभळं रंगद्रव्य साचतं. मुळांशी भागीदारी करणाऱ्या मायकोरायझा बुरशीसाठीही याच पीएचआर घराण्याने दार उघडावं लागतं.

इथे मला मनापासून बोलावंसं वाटतं. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत दिलेल्या स्फुरदाचा बराच भाग कॅल्शियमशी बांधला जातो, म्हणून आपण दरवर्षी थैली वाढवत जातो. पण पिकाचं आतलं पोट भरलेलं असताना ओतलेलं डीएपी त्याला सांगतं की बुरशीची गरज नाही. जी बुरशी दूरवरचं स्फुरद आणून देणार, तिलाच आपण परत पाठवतो. स्फुरद जमिनीत फार सरकत नाही, त्यामुळे वावरभर वरून फेकण्यापेक्षा बियाजवळ पेरून दिलेलं थोडंही जास्त कामाला येतं.

माणसातही हाच कारभार चालतो. पेशीतलं जादा फॉस्फेट बाहेर टाकणाऱ्या एक्सपीआर१ या प्रथिनातही एसपीएक्स आहे. आयपी६के१ हे आयपी६के घराण्यातलं एक एन्झाइम नसलेले उंदीर चरबीच्या खाद्यावरही फारसे लठ्ठ होत नाहीत, हे २०१० मध्ये दिसलं. हैदराबादच्या सीडीएफडी या डीएनए संशोधन केंद्रात रश्ना भंडारी यांची प्रयोगशाळा याच रेणूंवर काम करते, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) देबब्रत लाहा वनस्पतींच्या बाजूने. दोन्ही ठिकाणं आपल्या मुलांसाठी दूर नाहीत, हे मी वर्गात आवर्जून सांगतो.

एवढं ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग हे आयपी८ फवारता येईल का?’ नाही येणार. इतका भार असलेला रेणू पेशीच्या पटलातून आत शिरत नाही. आणि समजा शिरलाच, तर परिणाम उलटा होईल: उपाशी झाडाला पोट भरल्याचा निरोप जाईल आणि ते मुळांचं ओढणं थांबवेल. मग आयपी८ बंद करावा का? तेही करून पाहिलंय. अरेबिडॉप्सिस या छोट्या रोपात व्हीआयएच१ आणि व्हीआयएच२ दोन्ही काढले, तर रोपं फॉस्फेट ओढतच राहतात आणि लहानपणीच मरतात. त्याच रोपांतून पीएचआर१ आणि त्याचं भावंडही काढलं, तर ती पुन्हा जगतात.